अक्रोडाचे जनुक आणि कोकणातील काजू

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात १९९० च्या दशकात अक्रोडाच्या पेशींत 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूचे जनुक घालण्यात आले. फळ पोखरणारी कॉडलिंग पतंगाची अळी त्या प्रथिनाने मरावी, हा हेतू. या शास्त्रज्ञांत दांडेकर हे मराठी आडनाव आहे, याचे कौतुक वाटणे स्वाभाविकच. प्रयोग यशस्वी ठरला, तरी तो अक्रोड बाजारात आलेला नाही.

उद्या हाच मार्ग काजूसाठी सुचविला गेला, तर तो 'परकीय' म्हणून झिडकारणे सोपे आहे. पण फवारणीचे पाप स्वदेशी हातांनीही घडले आहे. केरळातील कासारगोडच्या सरकारी काजूबागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान ओतले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. विष नको म्हणणाऱ्याने कीड कशी आवरायची, हेही सांगितले पाहिजे.

तरीही अक्रोडाचे ते जनुक काजूच्या कामाचे नाही. ते पतंगवर्गीय अळीसाठी आहे. काजूचा मुख्य शत्रू ढेकण्या हा पालवीचा आणि मोहोराचा रस शोषतो, तर खोडकिडा ही भुंगेऱ्याची अळी. शिवाय किडी सरावतात. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. २०१७ साली गुलाबी अळीने विदर्भातील बोंडे पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस निदान दरवर्षी उपटून नवे बियाणे पेरता येते. काजूचे कलम लावणारा ते पुढच्या पिढीसाठी लावतो. त्यातील जनुक दहाव्या वर्षी निष्प्रभ झाले, तर बाग तोडायची काय?

जनुकीय मोहरीला भारतीय किसान संघाने आणि स्वदेशी जागरण मंचाने विरोध केला, तो योग्यच होता. मात्र निवेदने देऊन मोहोर वाचत नाही. पाने जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या ढेकण्याला आवर घालतात, हे काजूबागांतील अभ्यासांतून दिसले आहे. चीनमध्ये तर संत्र्याच्या बागांत त्या सोडल्याची नोंद इ. स. ३०४ च्या सुमाराची आहे. त्या बी वेचणाऱ्यालाही कडकडून चावतात, ही अडचण खरी. म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील कार्यकर्त्यांनी यंदा पालवी फुटण्यापूर्वी आपल्या बागेतील चार झाडांवर ही घरटी राखावीत, शेजारची चार तशीच सोडावीत आणि दोहोंच्या उत्पन्नाची वही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांपुढे ठेवावी.