घर मिळाले, शेजार टिकेल?

वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना मुंबईच्या मध्यभागी 500 चौरस फुटांचे हक्काचे घर मिळावे, ही निःसंशय आनंदाची घटना आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या अनेकांवर सामाईक शौचालयापुढे रांग लावण्याची वेळ आलेली नसते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मात्र चाळ म्हणजे केवळ खोल्यांची बेरीज नव्हे. लोकमान्यांच्या प्रेरणेने 1893मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. गावकीचे आणि जातीचे कप्पे चाळीतही होते. परंतु एका मांडवाखाली, एका आखाड्यात, सायंशाखेच्या एका मैदानावर ते सैल होत गेले. समरसतेचे हे संस्कार भाषणांतून नव्हे, तर सामाईक जागेतून घडले.

ही जागा कशी हातची जाते, हे गिरणगावाने अनुभवले आहे. 1991च्या नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकांसाठी होता. 2001च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ मूळच्या मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ज्या वास्तूंत कामगारांसाठी घरे, वाचनालये, सभागृहे होऊ शकली असती, त्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये आली.

म्हणूनच मुंबईत अजून उभ्या असलेल्या ऐतिहासिक चाळींपैकी ज्या भक्कम आहेत, त्या सरसकट पाडू नयेत. दोन खोल्या जोडून, आत शौचालय देऊन तिथे परवडणारी घरे होऊ शकतात. तळमजल्यावर बालवाडी, अभ्यासिका आणि ज्येष्ठांचे केंद्र चालू शकते. जिथे चाळ पाडणे अटळ आहे, तिथे सभागृह आणि अंगण रहिवाशांच्या संस्थेच्या नावे नोंदवले जावे. अन्यथा उद्या तिथे वाहनतळ होईल.

शासन भिंती बांधून देईल. शेजार मात्र समाजालाच बांधावा लागतो. नव्या इमारतीत बंद दारांआड कुटुंबे एकाकी होऊ नयेत, यासाठी तिथले पहिले अभ्यासवर्ग आणि पहिला उत्सव उभा करण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांनी आजच उचलावी.