नव्हतीच मुळी!

सध्या एका नव्या शास्त्राचा फार बोलबाला आहे. शाळा-कॉलेजात ते कोणी शिकवत नाही. मोबाइलवर आपोआप येते. आम्ही त्याला ‘नव्हतेशास्त्र’ म्हणतो. त्याचे नियम तीन. जे मी पाहिले नाही, ते घडले नाही. घडले म्हणत असाल, तर कागद दाखवा. दाखवलाच, तर तो कागद खोटा.

पहिला नियम आम्ही राहतो त्या बोनकोडे गावाला लावून पाहू. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसू लागली. नंतर टॉवरमध्ये राहायला आलेले ठासून सांगतात, “इथे आधी काहीच नव्हते हो!” म्हणजे ज्यांच्या जमिनी घेतल्या ते आगरी-कोळी नव्हते, त्यांची भातशेती नव्हती. आणि त्या नसलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण गेले, तेही नसणारच!

जानेवारी 2025 मध्ये हे शास्त्र आपल्या उंबऱ्याशी आले. पत्रकार-लेखक दिलीप मंडल यांनी जाहीर केले, की फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच. ते पात्र आपणच कल्पनेतून घडवले. वर माफीही मागितली. म्हणजे शास्त्रात चौथ्या नियमाची भर पडली: जे पुसायचे आहे, ते ‘मीच रचले’ म्हणून सांगावे.

आता गंमत पाहा. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. पुण्यातल्या कामाचा त्रास फातिमाला होत असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या 1988 च्या ग्रंथात ते छापलेले आहे. ही बाई मंडलसाहेबांनीच घडवली असेल, तर 1856 मध्ये जाऊन सावित्रीबाईंच्या दौतीत शाईही त्यांनीच ओतली असणार. एवढा लांबचा प्रवास केला, आणि जोतिरावांना साधा नमस्कारही न करता परत आले!

काही अभ्यासक म्हणतात, पत्रात नुसते ‘फातिमा’ आहे आणि तिच्याविषयीचे कागद फार थोडे आहेत. हे म्हणणे रास्त आहे. पण ‘थोडेच माहीत आहे’ आणि ‘नव्हतीच’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपणही उत्साहाच्या भरात तिच्या नावावर वाटेल त्या कहाण्या चिकटवू नयेत. अशा कहाण्यांवरच नव्हतेशास्त्राचे पोट भरते.

आता दुसरा नियम आपल्या घराला लावू. आपल्या परदादीचे नाव सांगा बरे! परदादांचे नाव सातबाऱ्यावर सापडेल. परदादी मात्र ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची अम्मी’. कागद नाही म्हणून ती नव्हती म्हणावे, तर हा मजकूर लिहिणारे आम्ही कोण, आणि वाचणारे तुम्ही कोण?

फातिमाचे नाव एका मैत्रिणीने पत्रात लिहिले, म्हणून ते टिकले. आपल्या घरातल्या बायांची नावे कोण लिहिणार? एखाद्या जुन्या पेटीच्या तळाशी निकाहनामा असेल, त्यावर तिचे स्वतःचे नाव सापडेल. तो आधी जपून ठेवा. मग एक साधी वही घ्या. दादी, नानी, त्यांच्या अम्मी, त्यांची माहेरची गावे, त्यांना लिहायला-वाचायला कोणी शिकवले, मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण कोण शिकवायचे, हे घरातल्या बुजुर्गांना विचारून लिहून काढा. ज्याने सांगितले त्याचे नाव आणि तारीखही टाका. हे काम पुढच्या ईदवर ढकलू नका. सांगणारी माणसे तोवर थांबतीलच असे नाही.

उद्या कोणी ‘नव्हतीच’ म्हणाला, तर तावातावाने भांडू नका. वही पुढे करा. तिसऱ्या नियमाप्रमाणे तो तिला खोटी ठरवेलच. ठरवू दे. घरातल्या पोरींना तरी खरे नाव पाठ असेल.