चेहऱ्यांना नावं परत द्या

दिल्लीत रिक्षावाल्याला नुसतं 'हिंदूराव' म्हटलं, की तो रिजचा चढ चढून रुग्णालयाच्या फाटकाशी आणून सोडतो. महाराष्ट्रात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही हेच नाव सांगा, त्याला निळू फुले आठवतील. 'सामना'तले साखरसम्राट हिंदूराव धोंडे-पाटील. अर्धवट मिटलेले डोळे, शब्द ओढून ओढून बोलण्याची ती लकब, आणि समोर डॉ. लागूंचा मास्तर, मारुती कांबळेचा विषय काही केल्या न सोडणारा. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता.

दिल्लीचे हिंदूराव मात्र रक्तामांसाचे. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा दिल्लीत खून झाला आणि पुढे त्याची रिजवरची कोठी हिंदूरावांनी घेतली. १८५७ मध्ये त्या कोठीभोवती महिनोन्महिने लढाई झाली. नंतर तिथे दवाखाना आला, आणि आज रोज हजारो माणसं तोंडाने हिंदूरावांचं नाव घेतात. ते कोण होते, हे त्यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

आपल्या चरित्र अभिनेत्यांचं नेमकं उलटं झालंय. त्यांचा चेहरा घराघरात आहे, नाव कुठेच नाही. 'अरे, तो नाही का तो, टकलू, हवालदार व्हायचा...' इथपर्यंत संभाषण येतं आणि थांबतं. मग कुणीतरी मोबाइल काढतं. मोबाइललाही नेहमी ठाऊक असतंच असं नाही, कारण त्याला सांगणार कोण? आपणच ना? हा लेख त्यासाठीच आहे. ही नावं अजून वाचवता येतील, पण फार दिवस नाहीत. जुन्या फोटोत उभा असलेला दुसऱ्या रांगेतला तिसरा माणूस ओळखणारी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे.

दिल्लीपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या शहरात घडलेलं आपल्यालाच माहीत नसतं. उत्तरा बावकर १९६८ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढची कित्येक वर्षं मंडी हाउसच्या परिसरातच राबल्या. अल्काझींच्या तालमीत तयार झालेली ही मराठी मुलगी हिंदी रंगभूमीवर डेस्डिमोना झाली, मेना गुर्जरी झाली, उमराव जान झाली. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक'साठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'तमस' दूरदर्शनवर लागलं तेव्हा त्या साऱ्या देशाच्या घरात पोचल्या, आणि 'दोघी'तली त्यांची आई ज्यांनी पाहिली ते ती विसरलेले नाहीत. १२ एप्रिल २०२३ रोजी पुण्यात त्या गेल्या. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. ज्या दिल्लीत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथे कितीशा मराठी घरांत त्या दिवशी त्यांचा विषय निघाला? त्यांच्या सिनेमांची काळजी कुणी ना कुणी घेईल. रंगमंचावरच्या कामाचं काय? नाटक त्या रात्रीच संपतं. मागे उरतात चार फोटो, प्रयोगाची पुस्तिका, तिकिटाचा अर्धा तुकडा आणि पाहिलेल्यांच्या आठवणी. यातलं निम्मं आज कुणाच्या तरी माळ्यावर आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाण्याच्या बेतात आहे.

आता अच्युत पोतदार घ्या. '३ इडियट्स'मध्ये आमिर खानला यंत्राची व्याख्या विचारून वैतागलेले प्राध्यापक. 'कहना क्या चाहते हो?' हा त्यांचा एक प्रश्न देशातल्या पोरांनी इतक्या वेळा एकमेकांना फेकून मारला, की म्हण म्हणून चालू लागला. तो विचारणारा माणूस जबलपूरचा, रीव्याला काही काळ शिकवणारा, मग लष्करात गेलेला, १९६७ साली कॅप्टन म्हणून बाहेर पडलेला, आणि त्यानंतर पाव शतक इंडियन ऑइलमध्ये नोकरी केलेला. पडद्यावर ते चाळिशी उलटल्यावर आले, आणि तरीही सव्वाशेवर हिंदी चित्रपट करून गेले. 'अर्धसत्य' आणि 'परिंदा'पासून 'माझा होशील ना'मधल्या आप्पांपर्यंत. १८ ऑगस्ट २०२५ रोजी, ९१व्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, ठाण्यात त्यांचं निधन झालं. त्या दिवशी सगळीकडे तोच एक संवाद फिरत होता. कॅप्टन पोतदारांच्या लष्करातल्या वर्षांबद्दल मात्र एका ओळीपलीकडे फारसं कुठे काही दिसलं नाही.

गणवेश उतरवून, किंवा गणवेशाच्या आसपास वावरून, पडद्यावर आलेली माणसं आपल्याकडे बरीच आहेत. 'प्यासा'तला तो थंड डोळ्यांचा प्रकाशक रेहमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये दाखल झाला होता. वैमानिकाचं शिक्षण त्याने पुण्यात घेतलं, आणि सिनेमातली उमेदवारीही पुण्यातच, विश्राम बेडेकरांच्या हाताखाली केली. पठाणी फेटा बांधता येतो म्हणून त्याला पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं, असं सांगतात. निळूभाऊ स्वतः पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. पडद्यावर अख्खा तालुका मुठीत ठेवणारा हा माणूस सेवादलाचा आणि हातात खुरपं धरणारा. मेजर बिक्रमजीत कंवरपाल लष्करातून निवृत्त झाल्यावर अभिनयाकडे वळले आणि मे २०२१ मध्ये करोनाने गेले.

आणि चंद्रकांत गोखले. त्यांच्या आजी दुर्गाबाई कामत, आई कमलाबाई; दोघींनीही १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलं. भारतीय पडद्यावर बायका प्रथम दिसल्या त्या याच मायलेकी. अशा घरातला हा नट आयुष्यभर नायकाचे बाप, काका, भिक्षुक, मास्तर रंगवत राहिला. पैसा काही फार मिळवला नाही, पण जो मिळाला त्यातून अपंग जवानांसाठी देणगी देत राहिला. मुलगा विक्रम गोखले यांनीही कुटुंबाची ती रीत पुढे चालवली. विक्रम गोखले गेल्यावर त्यांच्या संवादफेकीवर आणि त्या प्रसिद्ध विरामांवर भरपूर लिहून आलं. जवानांच्या मदतीची गोष्ट किती जणांनी वाचली?

करोनाच्या दोन वर्षांनी तर या वर्गावर वरवंटाच फिरवला. आशालता वाबगावकर साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणाला गेल्या आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिथेच गेल्या. 'जिस देश में गंगा रहता है'मधला 'सन्नाटा', किशोर नांदलस्कर, एप्रिल २०२१ मध्ये ठाण्यात गेले. त्या दिवसांत शोकसभा घ्यायचीही सोय नव्हती. नंतर घ्यायला हव्या होत्या. घेतल्या नाहीत.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो, ते मोठे आणि आपण छोटे असं दाखवायला नव्हे. 'द स्टिंग'मधला चिडका पोलिस अधिकारी आठवतो? चार्ल्स डर्निंग. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढला, जखमी झाला आणि मग आयुष्यभर दुय्यम भूमिका केल्या. २४ डिसेंबर २०१२ रोजी तो गेला आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सैनिक म्हणून विसावला. त्याच्या आदल्या रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात आपले आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले होते. डर्निंगचं थडगं तरी शोधता येतं. अभ्यंकरांनी रंगवलेली सगळी माणसं एका यादीत कुठे सापडतात का, शोधून बघा.

हिंदूराव रुग्णालयाजवळच रिजवर एक उंच लाल मनोरा आहे. इंग्रजांनी १८६३ मध्ये आपल्या बाजूने लढलेल्यांसाठी बांधलेला. १९७२ मध्ये त्याचं नाव अजितगढ झालं आणि तिथे नवा फलक लागला, की ज्यांना इथे शत्रू म्हटलंय ते स्वातंत्र्याचे हुतात्मे होते. जुन्या शिळा जवळ जाऊन वाचा. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, देशी शिपाई आकड्यांत मोजलेले. सिनेमाच्या श्रेयनामावलीत गेली कैक दशकं हेच चाललंय. आधी तीन तारे मोठ्या अक्षरांत, मग 'आणि इतर'. हल्ली तर 'इतर' दिसण्याआधीच वाहिनी चौकट आकसवून पुढच्या मालिकेची जाहिरात लावते, आणि मोबाइलवर पुढचा भाग पाच सेकंदांत आपोआप सुरू होतो. मला याची मनस्वी चीड आहे.

आणि जे जपून ठेवलंय तेही जळू शकतं, कुजू शकतं. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं खाक झाली, त्यात फाळक्यांच्या आणि प्रभातच्या प्रिंटही होत्या. १९६४ साली स्थापन झालेलं हे संग्रहालय पी. के. नायर यांनी अक्षरशः दारोदार फिरून भरलं होतं; फाळक्यांच्या फिल्मचे तुकडे त्यांच्या घरच्यांकडून आणले होते. एका माणसाच्या पायपिटीमुळे एवढं राहिलं. घरातल्या वस्तूंना तर आगही लागत नाही. ऑडिओ कॅसेटला बुरशी धरते, व्हीएचएसची फीत चिकटते, फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला की ती सडू लागलेली असते.

तेव्हा दिल्लीतल्या, गाझियाबाद-नोएडा-गुरुग्राममधल्या मराठी मंडळींना माझं सरळ सांगणं आहे. मंडळांच्या नाटकांचे, गणेशोत्सवातल्या प्रयोगांचे, महाराष्ट्रातून आलेल्या कंपन्यांच्या दौऱ्यांचे फोटो आपल्याकडे आहेत. शरद तळवलकर, राजा गोसावी, नयनतारा, विजय चव्हाण अशी माणसं ज्यांच्या घरी, मंडळात किंवा कार्यक्रमात येऊन गेली असतील, त्यांच्या अल्बममध्ये ते असणारच. आधी माळा उघडा. फोटो अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात. तसाच मोबाइलवर घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. मग घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसा आणि डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारा. नाटकाचं नाव, साल, जागा. सुटा फोटो असेल तर पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेन अजिबात नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई झिरपते. आजी 'हा कोण बाई, आठवत नाही' म्हणाली, तरी मोबाइलवर बोलणं ध्वनिमुद्रित करत राहा. पुढच्या फोटोवर तिला मागचा आठवतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

मंडळांनी निदान एवढं करावं. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं त्याची आठवण म्हणून. दरवर्षी त्या दिवशी एकपात्री, भावगीतं आणि बटाटेवडे होतात. या वर्षी शेजारी एक टेबल टाका. स्कॅनर, लॅपटॉप आणि नावं लिहून घेणारी दोन हुशार मुलं. मूळ वस्तू ज्याची त्याला तिथल्या तिथे परत द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी काही आणणार नाही. पहाडगंजचं बृहन्महाराष्ट्र भवन, महाराष्ट्र परिचय केंद्र, नूतन मराठी विद्यालय, जागांची वानवा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोऱ्याला ९८वं साहित्य संमेलन आपण थाटात पार पाडलं. टेबल मांडणं त्यापुढे काहीच नाही. फिल्मचा डबा, टेप, कॅसेट निघाली तर घरी वाजवून बघण्याच्या भानगडीत पडू नका, फीत तुटली तर संपलं. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या संग्रहालयाला कळवा.

महाराष्ट्रातल्या निर्मात्यांना आणि वाहिन्यांनाही सांगायचंय. श्रेयनामावली पूर्ण दाखवा, भूमिकेच्या नावापुढे नटाचं नाव लिहा, हवालदार क्रमांक दोनलाही नाव असतं. मालिकेचा नट गेला की भिंतीवर हार घातलेला फोटो टांगून पुढच्या भागात नवा नट उभा करता, ते तुमचं तुम्ही बघा. पण गेलेल्याची कामं कोणती, किती, कुठल्या साली, ही यादी संकेतस्थळावर तरी ठेवा. तुमच्याकडे करारपत्रं असतात, तुम्हाला ती अवघड नाही.

अशोकाचा एक स्तंभ हिंदूरावजवळ उभा आहे. फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणला, पुढे स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, आणि १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. तुकडे कुणी फेकून दिले नव्हते म्हणून ते जमलं. आपले तुकडे खोक्यांत आहेत, आणि ती खोकी कुठल्या घरात आहेत हे आपल्याला माहीत आहे. या रविवारी आजोबांना हाक मारा आणि एक खोकं खाली काढा.