पंगत आणि पेला

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. पौष वद्य सप्तमी, म्हणजे स्वामी विवेकानंदांची तिथीने येणारी जयंती, जवळ आली की या गावाकडे जाणाऱ्या वाटा माणसांनी फुलून जातात. विवेकानंद आश्रमाच्या उत्सवाची सांगता महाप्रसादाने होते. मोकळ्या शेतात ओळी धरून बसलेल्या लाखाहून अधिक माणसांना पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. वाढप्यांच्या हातातील बादल्या एवढ्या पंगतीला पुरणार नाहीत, म्हणून ओळींमधून ट्रॅक्टर फिरतात. शुकदास महाराजांनी घालून दिलेला हा प्रघात त्यांच्या पश्चातही चालू आहे. शेजारी बसलेल्याचे गाव कोणते, जात कोणती, त्याची ऐपत किती, याची चौकशी त्या पंगतीत होत नाही.

या परिसरातील शिकलेली मुले आता पुण्याच्या हिंजवडीत आणि खराडीत नोकरी करतात. आठवडाभर संगणकासमोर बसलेला त्यांतला एखादा तरुण शुक्रवारी संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबर बाणेर, बालेवाडी किंवा कोरेगाव पार्कातल्या ‘टॅपरूम’मध्ये जातो. तिथे बिअर बाटलीतून येत नाही. काचेपलीकडे पोलादी टाक्या दिसतात. त्यांत जवाचे किंवा गव्हाचे मोड आणून वाळवलेले धान्य, हॉप्स नावाची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी यांपासून ती तिथेच तयार होते. चव घेण्यासाठी चार-सहा छोटे पेले एका फळीवर मांडून आणले जातात. कोणता प्रकार गव्हाचा, कोणता सफरचंदाचा, कशात किती कडवटपणा, याची चर्चा होते. एका शनिवारी एक टॅपरूम, पुढच्या शनिवारी दुसरी, असे शहर ‘पालथे घालणे’ हा आता छंद म्हणून सांगितला जातो.

महाराष्ट्रात या प्रकाराचा आरंभ पुण्यातूनच झाला. २००९ मध्ये ‘डूलॅली’ या नावाने इथे छोट्या प्रमाणावर बिअर गाळणारा उद्योग सुरू झाला. पुढे तो मुंबईत अंधेरी, वांद्रे येथे पोहोचला आणि इतर अनेकांनी तोच मार्ग धरला. त्या नावामागची कथा उद्बोधक आहे. नाशिकजवळच्या देवळालीत इंग्रजी फौजेची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्महिने अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांचे डोके फिरे. त्यावरून भ्रमिष्टासाठी त्यांच्या बोलीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला. आपल्याच गावाचे नाव परक्यांच्या तोंडी वेड्याचे विशेषण झाले आणि शंभर वर्षांनी तेच आपल्या शहरात मौजेची पाटी होऊन परतले. ही केवळ शब्दाची गंमत म्हणून सोडून देता येईल. मात्र ज्या शहरात ती पाटी लागली, त्या शहराची स्मृती इतकी सहज सोडून देता येणार नाही.

१९०८ साली याच पुण्यात लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले होते. गुत्त्यासमोर उभे राहून गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवणारे स्वयंसेवक पुणेकरांनी पाहिले आहेत. त्या चळवळीला नीतीचा आधार होता, तसाच अर्थकारणाचाही होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन सरकारच्या मुठीत आणले आणि अबकारी हा राजस्वाचा एक खांब झाला. प्रजेने जितकी अधिक प्यावी तितका खजिना अधिक भरावा, ही व्यवस्था राज्यकर्त्याला प्रजेच्या अधोगतीत भागीदार करते, हे त्या पिढीने ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९४९ चा दारूबंदी अधिनियम महाराष्ट्रात अजूनही अस्तित्वात आहे. मद्यालयाच्या दारावरचे ‘परमिट रूम’ हे शब्द त्याच कायद्याची खूण आहेत. पिणाऱ्याजवळ परवाना हवा, हे त्यात गृहीत आहे. बिअरसाठी एकवीस आणि त्याहून तीव्र मद्यासाठी पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. दुसरीकडे १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची जादा भर पडेल अशी अपेक्षा व्यक्त झाली. एका हाताने बंदीचा अधिनियम सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने विक्रीचा हिशेब मांडायचा, ही विसंगती कोणत्याही एका पक्षाच्या राजवटीची नाही. ती राज्यव्यवहाराच्या अंगवळणी पडली आहे.

या धंद्याच्या समर्थनार्थ शेतकऱ्याचे नाव हमखास घेतले जाते. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हाही द्राक्ष बागायतदाराचे हित पुढे करण्यात आले होते. लोकविरोधामुळे तो अमलात आला नाही. बिअरच्या बाबतीत तर हा युक्तिवाद अधिकच लंगडा आहे. जव हे राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या भागांतले पीक. हॉप्स बहुतांशी परदेशातून येतात. सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या मेहकर-लोणारच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काय पडते? त्याच्या वाट्याचे असलेच तर पाणी आहे. एक लिटर बिअरमागे काही लिटर पाणी खर्ची पडते. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता, हे विसरण्याजोगे नाही.

इथपर्यंतची टीका सोपी आहे आणि सभेत ती टाळ्याही मिळवते. कठीण प्रश्न पुढचा आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील किंवा शहरातील प्रभागातील महिला मतदानाने दारूचे दुकान बंद करवू शकतात. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारण्यासाठी कित्येक गावांतल्या मोलमजुरी करणाऱ्या स्त्रिया रांगेत उभ्या राहिल्या. त्या स्त्रियांचे कौतुक सुशिक्षित घरांत मनापासून होते. पण त्याच घरातला मुलगा पुण्याहून टॅपरूमचे छायाचित्र पाठवतो, तेव्हा तिथे मौन असते. मजुराचे पिणे ते व्यसन आणि अभियंत्याचे पिणे ती अभिरुची, अशी दोन मापे समाजाने केव्हा स्वीकारली? हातभट्टीने घरे उद्ध्वस्त होतात हे खरे, आणि टॅपरूममध्ये जाणारा प्रत्येक तरुण व्यसनी नसतो हेही खरे. परंतु सवयीचा पहिला पेला नेहमी संगतीत आणि हसतखेळतच उचलला जातो. पेल्याची काच महाग असल्याने हा नियम बदलत नाही.

म्हणून उपदेशाआधी निरीक्षण हवे. त्या टॅपरूममध्ये नेमके काय घडते? लांब लाकडी मेजाभोवती दहा-बारा जण बसतात. बैठे खेळ मांडलेले असतात, प्रश्नमंजूषा होते, एखाद्या संध्याकाळी गाणे असते. नव्याने शहरात आलेल्या, भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या मुलाला तिथे कोणी तरी नावाने हाक मारते. तो पैसे बिअरचे मोजतो, पण त्याला हवी असते ती सोबत. ती त्याला दुसरीकडे मिळत नाही, हे त्याचे अपयश जितके आहे त्याहून अधिक ते समाजाचे आहे. एकेकाळी पुण्यात परगावच्या मुलाला वार लावून जेवू घालणारी घरे होती. तालमी होत्या, वाचनालये होती, गणेशोत्सवाचे मेळे होते. आज हिंजवडीच्या उंच इमारतींच्या वस्तीत संध्याकाळी सातनंतर विनामूल्य बसता येईल, बोलता येईल, अशा जागा किती आहेत? पोकळी समाजाने ठेवली आणि बाजाराने ती भरली. बाजाराला दोष देऊन ती पुन्हा मोकळी होणार नाही.

संघटनेचे काम करणाऱ्यांनी आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी हे आव्हान म्हणून स्वीकारले पाहिजे. गावाकडून पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाला दर आठवड्याला ‘जेवलास का?’ असे विचारले जाते, ‘कोणाबरोबर जेवलास?’ हेही विचारले जावे. त्याच तालुक्यातून पूर्वी गेलेल्या आणि शहरात स्थिरावलेल्या कुटुंबांनी महिन्यातून एका रविवारी आपले दार अशा चार मुलांसाठी उघडावे. रविवारच्या पहाटे सिंहगड चढणारा एक गट, शनिवारच्या संध्याकाळी गाण्याची किंवा चर्चेची एक बैठक, वस्तीत एखादा खेळाचा वर्ग, अशा कामांना मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य, आणि आलेल्या तरुणाला प्रवचन न देण्याचा संयम. घरात मद्याविषयीचा नियम असेल तर तो मोलकरणीच्या नवऱ्याला आणि आपल्या चिरंजीवाला एकच असावा, हेही ओघाने आलेच.

हिवरा आश्रमाच्या पंगतीत पदार्थ दोनच असतात. पुरी आणि वांग्याची भाजी यांत चोखंदळाने चर्चा करावी असे काही नाही. तरीही दूरदूरच्या गावांतून माणसे तिथे येतात, जमिनीवर मांडी घालून बसतात आणि अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून जेवतात. त्यांना तिथे ओढून आणणारी गोष्ट पत्रावळीवर वाढता येत नाही. टॅपरूममधल्या तरुणाची भूकही तीच आहे. वर्षातून एकदा शेतात मांडली जाणारी ती पंगत पुण्याच्या एखाद्या सदनिकेत, दहा माणसांपुरती का होईना, दर आठवड्याला मांडता आली, तर पेल्याविरुद्ध वेगळे भाषण करण्याची वेळ फारशी येणार नाही.