गाडी मुलाची की बापाची?

अमेरिकेत बालवीरांची लाकडी गाड्यांची शर्यत १९५३ साली सुरू झाली. पाइनचा ठोकळा, चार खिळे, चार चाके. वजन ५ औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. इंजिन नाही, उतारावर गाडी ओढते ते गुरुत्वाकर्षणच.

येथे स्थायिक झाल्यावर मुलाची पहिली गाडी मीच तासली. ती जिंकली, आणि तो गप्प! पालकांनी कानशीला हात लावू नये, असे माझे तेव्हापासून स्पष्ट मत आहे. (हवी तर बापांची वेगळी शर्यत ठेवा.)

दुसऱ्या वर्षी त्याने गाडीवर नाणी मागेपुढे चिकटवून ती तिरप्या फळीवरून सोडून पाहिली. वजन मागे असले, की आरंभी गुरुत्वमध्य अधिक उंचावर असतो. म्हणून वेग वाढतो. शर्यतीत गाडी शेवटून दुसरी आली. घरी येताच स्वारी एकेक चाक फिरवून पाहू लागली. एक खिळा वाकडा निघाला.