मूठ कोणास कळते?

टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकून, एकानें गोष्ट सांगावयाची आणि बाकीच्यांनीं तींतील पात्रें व्हावयाचें, असा एक खेळ हल्लीं मोठ्या शहरांतील सुशिक्षित घरांत शिरला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत मंत्रविद्या भरपूर आहे. आणि खेळणारांत एक वाद वरचेवर माजतो, तो असा कीं, दुसऱ्याच्या मनावर मंत्र टाकला असतां त्या बिचाऱ्यास तें कळतें कीं नाहीं? पोरांचा वाद म्हणून आम्हीं तो प्रथम हंसण्यावारी नेला. परंतु विचार करतां आमचें हंसूं मावळलें. कारण हाच प्रश्न नंदुरबार जिल्ह्यांत वेळेवर कोणी विचारीत नाहीं, म्हणून तेथें बायकांना मार खावा लागला आहे.

खेळाच्या कायदेपंडितांनीं या वादाचा निकाल कसा लावला तें पाहण्याजोगें आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचा नियम असा कीं, ज्याचा बाह्य परिणाम दिसत नाहीं असा मंत्र ज्यानें परतविला, त्यास कांहीं वैरभाव जाणवतो किंवा झिणझिण्या येतात. मंत्र कोणता होता हें मात्र उमगत नाहीं. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत मोहिनीमंत्राबद्दल स्पष्ट लिहिलें आहे कीं, अंमल उतरतांच ती कोणीं घातली हें मोहित झालेल्यास कळतें. जेथें ग्रंथ मौन धरतो तेथें खेळ चालविणारा निवाडा देतो. म्हणजे या काल्पनिक जगांतसुद्धां नियम छापलेला आहे, फांसा पडतो, आणि ज्याच्यावर प्रयोग झाला त्यास सुटकेची एक संधि आहे.

आतां सातपुड्यांत चला. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत धडगांव व अक्कलकुवा हे डोंगराळ मुलूख आहेत. तेथल्या एखाद्या पाड्यावर मूल दगावतें, म्हैस आटते, घरधनी झुरणीला लागतो. कोणीं कांहीं पाहिलेलें नसतें. कोणास झिणझिण्याही आलेल्या नसतात. मग लोक भगताकडे जातात. भगत दाणे पाहतो, आणि कोणा विधवेचें, कोणा एकाकी म्हातारीचें, किंवा जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशा बाईचें नांव निघतें. ती डाकीण ठरते. पुढें मारझोड, वाळीत टाकणें, गांवांतून हांकून देणें, आणि कधीं कधीं खूनही.

नवल असें कीं, प्रयोग ज्याच्यावर झाला त्यास तो कळला नाहीं, आणि जिनें केला म्हणतात तिलाही तो ठाऊक नाहीं. कळला तो फक्त तिसऱ्यास! इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानें मध्य आफ्रिकेंतील आझांदे लोकांवर १९३७ सालीं जो ग्रंथ लिहिला त्यांतही हेंच आढळतें: मनुष्य स्वतःच्या नकळत चेटक्या असूं शकतो, अशी त्या लोकांची समजूत. अशा ठिकाणीं ‘मला कांहीं ठाऊक नाहीं’ हें म्हणणें निर्दोषपणाचा पुरावा होत नाहीं. खेळांत लक्ष्यास एक फांसा तरी मिळतो. डाकीण ठरलेल्या बाईस तोही नाहीं.

यावर कित्येक शिकलेले लोक आम्हांस सांगतात, ‘सूक्ष्म शक्ति डोळ्यांना दिसत नाहींत, म्हणून त्या नाहींतच असें कसें म्हणावें?’ आम्हीही तसें म्हणत नाहीं. न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी आम्ही मानतों. नंदुरबारच्या आदिवासींत आढळणारा सिकलसेलचा आजारच घ्या. आई व बाप या दोघांकडूनही दोष आला, तर मुलाच्या रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडासांध्यांत असह्य कळा येतात. कळ ओसरली कीं मूल पुन्हां खेळूं लागतें. अवचित येणारें आणि अवचित जाणारें असें दुखणें पाहून आईस ही कोणाची तरी करणी वाटावी, यांत तिचा दोष काय? हाही वैरी नकळत रक्तांत बसलेला असतो. परंतु रक्ताचा थेंब नीट तपासला तर धडगांवांत जो निकाल तोच मुंबईंत. तपासणारा बदलला म्हणून आजार बदलत नाहीं. भगत बदलला कीं मात्र डाकीण बदलते! अदृश्य आणि असत्य यांतील भेद तो हाच.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ‘शाप लागलेलीं माणसें खरोखरच खंगतात, त्याचें काय?’ खंगतात, हें आम्हांस मान्य आहे. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानें १९४२ सालीं अशा मृत्यूंवर निबंध लिहून, आत्यंतिक भीतीनें देह कसा ढांसळत असावा याची उपपत्ति मांडली होती. पण येथें खेळाचा नियम बरोबर उलटा होतो. ज्यास कळलें त्यासच हा शाप बाधतो. ज्याच्या कानीं तो पडलाच नाहीं त्याच्या केसासही धक्का लागत नाहीं. तेव्हां माणसास मारतें तें मंत्राचें बळ नव्हे, मंत्राची वार्ता होय. आणि ती वार्ता पोंचविणाराच खरा अपराधी.

महाराष्ट्राच्या कायद्यानें नेमकें हेंच ओळखलें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्याच महिन्यांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, व डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. अमुक व्यक्ति करणी करते, मंत्रानें गुरांचें दूध आटविते, रोगराई पसरविते, असें भासवून तिचें जगणें कठीण करणें हा त्यानें गुन्हा ठरविला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. मंत्र खरा कीं खोटा या वादांत न्यायाधीशानें शिरण्याचें कारणच उरलें नाहीं.

‘आदिवासींच्या श्रद्धेंत आपण ढवळाढवळ कां करावी?’ असें विचारणारे सज्जनही आहेत. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, जी म्हातारी गांवाबाहेर काढली जाते तीही आदिवासीच आहे. तिची बाजू घेणें ही ढवळाढवळ, आणि भगताची बाजू घेणें हा आदर, हा कोठला न्याय? शिवाय आपलीं घरें तरी कितीशीं निर्मळ आहेत? शहरांत वशीकरणाच्या जाहिराती चिकटतात त्या सातपुड्यांतील लोकांसाठीं नव्हेत. सून आल्यापासून मुलगा बदलला, तिनें त्याला कांहीं तरी चारलें असावें, हें वाक्य पाड्यावर नव्हे, दिवाणखान्यांत बोललें जातें. तेथेंही मुलास कांहीं कळलेलें नसतें, सुनेस कांहीं ठाऊक नसतें. कळतें तें सासूला!

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे. पुढच्या वेळीं कोणी करणीचें नांव काढील, तेव्हां शक्ति आहे कीं नाहीं या तत्त्वचर्चेंत शिरूं नका. खेळांतील पोरांसारखा एकच प्रश्न विचारा: ज्याच्यावर झाली त्याला कळलें नाहीं, जिनें केली तिला ठाऊक नाहीं, मग तुम्हांला कसें कळलें? हा प्रश्न पाड्यावर वेळेवर विचारला गेला तर एखादी बाई आपल्या घरीं राहील, आणि आजारी मूल भगताऐवजीं दवाखान्यांत पोंचेल.