दाराचे रबर

आमच्या मिहानमध्ये विमानांची देखभाल होते. तिथे दाराचे रबर बदलण्याला कुणी हौस म्हणत नाही. मी मात्र कुर्ल्यात बनलेल्या माझ्या प्रीमियर पद्मिनीचे रबर बदलायला घेतले, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या ना!"

मला हे पटत नाही. नागपूरच्या ४५ अंशांत रबर कडक होऊन तडकते. मग पावसाचे पाणी झिरपून तळाचा पत्रा कुजतो. बँकेत आयुष्यभर घसारा मांडला, पण तो दाराच्या फटीतून शिरतो हे आत्ता कळले. जुना गोंद खरवडला. नवे रबर ताणून बसवायचे नसते. ते आखडते नि कोपऱ्यात फट पडते. शेवटी दारात कागद धरून ओढून पाहिला. तीन दारांत तो घट्ट राहिला. चौथ्यात अलगद निघाला; ते रबर पुन्हा काढतो आहे.